पुढच्या गाडीच्या पुढची गाडी

यंदा सुट्टीवरून होस्टेलवर परतलेल्या पब्लिकमध्ये एक नवीन फुशारकी ऐकू येते आहे. पूर्वी लोक "आमच्या गाडीला सनरूफ आहे" असं सांगायचे. आता "आमच्या गाडीला अ‍ॅडास आहे, ती आपोआप ब्रेक मारते!" असं सांगतात. मग मी विचारते, "ट्रॅफिकमध्ये वापरता का?" यावर उत्तर साधारण एकच येतं: "दोनदा वापरलं, फार झटके बसतात, मग पप्पांनी बंद करून टाकलं."

म्हणजे पैसे मोजून घेतलेली वस्तू ज्या ठिकाणी सगळ्यात जास्त उपयोगी पडावी, तिथेच बंद! दुसऱ्या टोकाला काही मंडळी अशीही आहेत की जी सगळं गाडीवर सोपवून मोबाईल बघत बसतात. हा लेख दोघांसाठीही आहे. आपल्यापैकी फार थोड्यांकडे स्वतःची गाडी आहे हे मला माहीत आहे. (स्टाफ पार्किंगमधली सर आणि मॅडम मंडळी सोडून!) पण घरी नवीन मोबाईल आला की जसा तो आपल्याच हातात दिला जातो, तसंच आता गाडीचं होणार आहे. घरचा 'टेक्निकल सपोर्ट' आपणच आहोत, तेव्हा आपल्याला नीट माहिती असलेली बरी.

मी कॉन्व्हेंटात शिकलेली मुलगी. 'त्वरण' हा शब्द मला बारावीनंतर कळला. त्यामुळे लेखात ब्रेकला ब्रेक आणि गिअरला गिअरच म्हणणार आहे, मराठीच्या प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावं.

हा विषय आमच्या घरात आला तो आजीमुळे. आम्ही नातेपुत्याचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात, पुणे-पंढरपूर रस्त्यावरचं हे गाव. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटण, बरड करत धर्मपुरीपाशी आमच्या जिल्ह्यात येते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. आजीच्या खुब्याचं ऑपरेशन पुण्यात झालं आणि त्यानंतर दर पंधरा दिवसांनी तिला दाखवायला न्यायचं होतं. जवळजवळ दीडशे किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. डॉक्टर म्हणाले, "प्रवास चालेल, पण झटके नकोत." काकांनी नवीन ऑटोमॅटिक गाडी घेतली होती, त्यात अ‍ॅडास होतं. शोरूमवाल्याने डिलिव्हरीच्या दिवशी पेढ्याचा बॉक्स, हार, फोटो यांत अर्धा तास घालवला आणि अ‍ॅडास दहा मिनिटांत 'समजावलं'. पहिल्याच खेपेला हडपसरच्या गर्दीत गाडी पुढे झेपावायची आणि कचकन थांबायची. आजी प्रत्येक वेळी "आई गं!" म्हणायची. काकांनी बटण बंद केलं आणि मला फोन केला, "तू इंजिनिअरिंगला हायस ना? मग सांग, हे असं का करतंय?"

प्रश्न चांगला होता. उत्तर शोधायला मला मॅन्युअल, दोन-तीन पेपर आणि चार खेपा लागल्या. ते उत्तर इथे मांडते.

आधी हे आहे काय?

अ‍ॅडास म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड ड्रायव्हर असिस्टन्स सिस्टिम्स. यातला 'असिस्टन्स' हा शब्द पेनाने अधोरेखित करा. हे एक यंत्र नसून अनेक मदतनीसांची टोळी आहे. ट्रॅफिकमध्ये त्यातले चार महत्त्वाचे:

पहिला, अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल. आपण वेग ठरवून द्यायचा, पुढे कोणी नसेल तर गाडी तो वेग धरते, पुढे गाडी आली की अंतर ठेवून मागे चालते. यालाच 'स्टॉप अँड गो' जोडलेलं असेल तर गाडी पूर्ण थांबते आणि पुन्हा निघतेसुद्धा. गाडी मॅन्युअल गिअरची असेल तर क्लच आपल्या पायाखाली असतो, त्यामुळे हे पूर्ण थांबणं-निघणं सहसा मिळत नाही. ठरावीक वेगाखाली यंत्रणा सुटते आणि गाडी आपल्या हवाली होते.

दुसरा, ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग. हा शेवटच्या क्षणाचा मदतनीस आहे, रोजचा नव्हे. धडक होणारच असं वाटलं तर जोरात ब्रेक लावतो.

तिसरा, लेनमध्ये राहायला मदत करणारा. याला रस्त्यावर पांढरे पट्टे लागतात. जिथे पट्टेच नाहीत तिथे त्याला सुट्टी.

चौथा, ऑटो होल्ड. थांबल्यावर ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी धरून ठेवतो, अ‍ॅक्सिलरेटर दिला की सोडतो. 'हिल होल्ड' याचा धाकटा भाऊ: चढावर पाय ब्रेकवरून उचलल्यानंतर दोन-तीन सेकंदच धरतो. दिवे घाटात या दोघांतला फरक फार लवकर समजतो!

क्रूझ कंट्रोलची गोष्ट मोठी मजेदार आहे. अमेरिकेतला राल्फ टीटर हा इंजिनिअर लहानपणीच दृष्टी गेलेला होता. त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की गाडी हळू करायचा आणि ऐकायला लागला की पळवायचा. या हेलकाव्यांना वैतागून टीटरने वेग एकसारखा ठेवणारं यंत्र बनवलं आणि १९५८ साली ते क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत आलं. बघा, या सगळ्याचा जन्मच मुळी झटक्यांच्या वैतागातून झाला आहे! पुढे १९९९ मध्ये मर्सिडीजने रडारवर चालणारी आवृत्ती आणली आणि २००५ मध्ये ती पूर्ण थांबेपर्यंत काम करू लागली. भारतात २०२० नंतर एम.जी. ग्लॉस्टर, महिंद्राची एक्स.यू.व्ही. ७०० अशा गाड्यांतून हे आपल्या रस्त्यांवर आलं.

झटका म्हणजे नेमकं काय?

वेग जास्त असल्यामुळे झटका बसत नाही. ब्रेक लागल्यामुळेही बसत नाही. ब्रेक अचानक बदलल्यामुळे बसतो. अंतराचं पहिलं डेरिव्हेटिव्ह वेग, दुसरं अ‍ॅक्सिलरेशन, आणि तिसरं म्हणजे 'जर्क'. मॅथ्सच्या पेपरात तिसरं डेरिव्हेटिव्ह कशाला काढायला लावतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ऑपरेशन झालेल्या आजीला शेजारी बसवून हडपसरमधून गाडी चालवावी.

आता थोडं गणित. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. सेकंदाला दीड मीटर प्रति सेकंद या हिशेबाने, म्हणजे आरामात वेग कमी केला, तर थांबायला सुमारे ४१ मीटर लागतात. हेच सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंदाने केलं तर १५ मीटर पुरतात, पण आजीच्या हातातली पाण्याची बाटली पुढे जाते. म्हणजे मऊ थांबायचं असेल तर अंतर पाहिजे, आणि अंतर पाहिजे असेल तर थांबायचंय हे आधी कळलं पाहिजे.

गाडीला हे आधी कळत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. पुढच्या बाजूला बसवलेलं रडार साधारण ७७ गिगाहर्ट्झवर लहरी सोडतं (लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर) आणि पुढच्या गाडीवरून परतलेल्या लहरीतून तिचं अंतर आणि वेग काढतं. काचेमागचा कॅमेरा ती कार आहे की ट्रक हे ओळखतो. दोघं मिळून मुख्यतः आपल्या बरोबर पुढच्या गाडीच्या मागे लागतात. तिच्या पलीकडे काय चाललंय, सहा गाड्या पुढे चौकात ट्रॅक्टर वळतोय का, पोलिसाने हात वर केलाय का, यातलं त्यांना काही उमगत नाही. त्यामुळे पुढची गाडी हळू झाल्यावर आपली हळू होते, तीसुद्धा किंचित उशिरा. आणि उशिरा सुरुवात केली की जास्त जोरात ब्रेक लावावा लागतो. मागच्याला त्याहून जास्त, त्याच्या मागच्याला त्याहून.

हे खोटं वाटत असेल तर जपानमधला प्रयोग वाचा. युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तो प्रसिद्ध केला. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, गाय नाही. ड्रायव्हरांना एवढंच सांगितलं की ताशी ३०च्या आसपास चालवत राहा. थोड्या वेळाने आपोआप जाम तयार झाला, आणि तो जाम ताशी साधारण २० किलोमीटरने मागे-मागे सरकत राहिला! कुणीही चुकलं नव्हतं. प्रत्येक जण फक्त पुढच्याकडे बघून थोडासा उशिरा वागत होता.

मग मशीन माणसापेक्षा बरं का? अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारात मिळणाऱ्या सात गाड्यांचं अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ तपासलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला: सातही गाड्या पुढचा हेलकावा मागे देताना वाढवूनच देतात. म्हणजे काकांची गाडी बिघडलेली नव्हती. तिचा स्वभावच तसा आहे, आणि स्वभाव माहीत झाला की संसार होतो, असं आजी म्हणते.

दिंडीकडून शिकण्यासारखं

पालखी आमच्या गावातून जाते तेव्हा मी लहानपणापासून बघते. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या, रथामागे तर त्याहून कितीतरी. हजारो माणसं एकाच रस्त्याने, थांबत-निघत चाललेली. हे जगातलं सगळ्यात मोठं 'स्टॉप अँड गो' असेल! तरी बहुतेक वेळा ढकलाढकली होत नाही. का? दिंडीत पुढे पताका असतात, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी. पुढची दिंडी थांबली म्हणून मागची धावत जाऊन तिला चिकटत नाही. लांबवरच्या पताका संथ झाल्या की चाल आधीच मंदावते, मधे जागा राहते, अभंग जागच्या जागी चालू राहतो. पुढे जागा झाली की सगळे सावकाश निघतात. वारकरी पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघून चालत नाही, लांबच्या पताकेकडे बघून चालतो.

आपल्या गाडीला समोरची पाठ तेवढी दिसते. पताका बघायचं काम आपलं. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: गाडी पुढच्या गाडीवर लक्ष ठेवील, तुम्ही पुढच्या गाडीच्या पुढच्या गाडीवर ठेवा.

आता प्रत्यक्ष वापर

आम्ही चार खेपांत जे बसवत गेलो ते क्रमाने देते. काका चालवायचे, मी शेजारी वही घेऊन. फोनमधल्या अ‍ॅक्सिलरोमीटरचा आलेख डॅशबोर्डवर चालू. मागे आजी, म्हणजे आमचं खरं मोजमापाचं यंत्र.

१. अंतर सगळ्यात जास्तवर ठेवा. स्टिअरिंगवर अंतराचं बटण असतं, त्यात तीन किंवा चार पायऱ्या. हे अंतर मीटरमध्ये नसून सेकंदात असतं: ताशी ३६च्या वेगाला १ सेकंद म्हणजे १० मीटर, २ सेकंद म्हणजे २० मीटर. "एवढी जागा सोडली की सगळे घुसतात" ही काकांची पहिली तक्रार. घुसतात, खरं आहे. पण हिशेब करा. एक गाडी पुढे घुसली की आपण फार तर दोन सेकंद मागे पडतो. पुण्यापर्यंत तीस जण घुसले तरी एक मिनिट! चहाला थांबलो तर यापेक्षा जास्त वेळ जातो. काकांना हे गणित पटलं, पण घुसणाऱ्याला दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांना राहवत नाही, ते असो.

२. सेट केलेला वेग रांगेच्या वेगाएवढा खाली आणा. आमच्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक या युक्तीने पडला, आणि शोरूममध्ये ती कुणी सांगितली नव्हती. हायवेवर ८० सेट केलेले असतात आणि तसेच आपण गर्दीत शिरतो. पुढची गाडी जरा बाजूला झाली की आपल्या गाडीला वाटतं रस्ता मोकळा, चला ८० गाठू! ती झेपावते आणि वीस मीटरवर दुसरी गाडी दिसली की कचकन थांबते. रांग २०-२५ने सरकत असेल तर सेट वेग ३० करा. (बहुतेक गाड्यांत याच्या आसपासच किमान मर्यादा असते.) मग झेप घ्यायला तिला जागाच उरत नाही. गाडीत इको मोड असेल तर तोही लावा, उठाव आणखी मऊ होतो.

३. लांबचे लाल दिवे दिसले की बटणाने वेग कमी करा. पुढून तिसऱ्या-चौथ्या गाडीचे ब्रेक लाइट लागले की गाडीला अजून काही कळलेलं नसतं, तुम्हाला कळलेलं असतं. सेट वेगाचं 'वजा' बटण दाबा. गाडी हलकेच वेग सोडते आणि यंत्रणा चालूच राहते. ब्रेक पॅडल दाबलं तर यंत्रणा सुटते, मग पुन्हा चालू करावी लागते. त्यात काही चूक नाही, पण बटणाने भागत असेल तर बटण बरं. शंका आली तर मात्र विचार न करता ब्रेक.

४. निघताना घाई नको. थांबून काही सेकंद झाले की बहुतेक गाड्या आपणहून निघत नाहीत. 'रिझ्यूम' दाबावं लागतं किंवा अ‍ॅक्सिलरेटरला हलका स्पर्श करावा लागतो. पुढची गाडी एक गाडीभर सरकू द्या, मग दाबा. आणि दाबण्याआधी बॉनेटच्या पुढे, डावीकडे, उजवीकडे बघा. जेजुरीत, सासवडच्या चौकात थांबलेल्या गाड्यांमधून माणसं रस्ता ओलांडतात, पोरं धावतात, मोटारसायकली तिरक्या घुसतात. अगदी जवळ आणि कडेला असलेलं गाडीला दिसेलच असं नाही. निघण्याचा निर्णय तुमचाच असायला हवा.

५. गाडी काम करत असताना उजवा पाय ब्रेकवर अलगद तयार ठेवा. काका पहिल्यांदा मांडी घालून बसल्यासारखे पाय मागे घेऊन बसले होते! पाय मागून आणायला लागणाऱ्या वेळात गाडी किती मीटर जाते ते वरच्या गणितावरून काढा, सोपा दोन मार्कांचा प्रश्न आहे.

६. अगदी मुंगीच्या पावलाने रांग सरकत असेल तर क्रूझ सोडून द्या, ऑटो होल्ड लावा आणि स्वतः चालवा. पाच फूट पुढे, मिनिटभर उभं, अशा ठिकाणी प्रत्येक पाच फुटांच्या मागे न धावता चांगली जागा होऊ द्यायची आणि एकदाच सरकायचं. त्यानेच आराम मिळतो.

७. इमर्जन्सी ब्रेकिंग कधीही बंद करू नका. "उगाच टुंग टुंग करतं" म्हणून लोक बंद करतात. त्याची सूचना 'लवकर' ऐवजी 'मध्यम' किंवा 'उशिरा' अशी बदलता येते, ती बदला.

तिसऱ्या खेपेपासून आलेखातले सुळके कमी झाले. चौथ्या खेपेला आजी जेजुरीच्या पुढे झोपली ती थेट हडपसरला उठली आणि विचारलं, "दिवे घाट गेला?" आमच्या प्रयोगाचा निकाल हाच.

कुठे बंद करायचं

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण इथे प्रश्न आरामाचा नाही, जिवाचा आहे.

आमच्याकडे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून गळीत हंगाम सुरू होतो. सदाशिवनगर आणि अकलूजच्या परिसरातल्या कारखान्यांकडे ऊस निघतो. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाचा भार ट्रॉलीच्या मागे आणि बाजूला लोंबकळणारा, मागे दिवा असला तर असला, रिफ्लेक्टर असला तरी उसाच्या पाल्याखाली झाकलेला. त्यात बैलगाड्याही. दिवे घाट ते मोहोळ असा २२१ किलोमीटरचा पालखी मार्ग चौपदरी करायच्या कामाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. रस्ता रुंद झाला की कारचा वेग वाढतो. ट्रॅक्टरचा काही वाढत नाही. म्हणजे दोघांच्या वेगातला फरक वाढतो, आणि धडक त्या फरकावर ठरते.

अशा ट्रॉलीपुढे अ‍ॅडास का कच्चं पडतं, ते समजून घ्या. रडार डॉप्लरच्या तत्त्वावर वेग मोजतं. आपण ८०ने चाललो असताना पूल, कठडा, पाटी, झाड या सगळ्या स्थिर वस्तू रडारला बरोबर ८०ने आपल्याकडे येताना दिसतात. या प्रत्येकासाठी गाडीने ब्रेक मारला तर चालवणंच अशक्य होईल. म्हणून यंत्रणा स्थिर वस्तूंना बऱ्याच अंशी गाळून टाकते किंवा त्यांच्यावर कमी विश्वास ठेवते. रस्त्यात बंद पडून उभी असलेली ट्रॉली याच चाळणीत सापडते. कॅमेरा मदतीला असतो, पण तो शिकलेला असतो कार, ट्रक, मोटारसायकल, माणूस यांचे आकार. अंधारात दिवा नसलेला उसाचा ढीग हा त्याच्या पुस्तकातला धडा असेलच असं नाही. शिवाय यंत्रणेने ट्रॉलीचा मागचा भाग ओळखला, तरी उसाची टोकं त्याच्याही चार-पाच फूट मागे आलेली असू शकतात. उभ्या वाहनांसाठी यंत्रणा काम करेलच असं नाही, असा इशारा गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. फक्त ते पान कुणी उघडत नाही.

आम्ही हे डोळ्यांनी बघितलं. एका खेपेला परत येताना फलटणच्या अलीकडे दिवेलागणीच्या वेळी एक ट्रॉली अर्धी रस्त्यावर, अर्धी खाली अशी उभी होती. क्रूझ चालू होतं. गाडी ना हळू झाली, ना तिने आवाज केला. काकांनी लांबूनच ओळखून क्रूझ सोडलं होतं आणि पाय ब्रेकवर होता, म्हणून आरामात थांबलो. तरुणपणी त्यांनी स्वतः दोन हंगाम ट्रॅक्टर चालवलाय. ते एवढंच म्हणाले, "मशीनला ऊस कळत न्हाय पोरी. ऊस आपल्याला कळतोय."

तेव्हा पुढील ठिकाणी क्रूझ सरळ बंद: गावातून आणि बाजारातून जाताना, हंगामात ऊसवाहतुकीच्या रस्त्यावर, विशेषतः अंधार पडल्यावर, वळणावळणाच्या घाटात, जिथे पुढची गाडी रडारच्या झोतातून निसटते आणि आपल्या गाडीला रस्ता मोकळा वाटतो, टोलनाक्याच्या लेनमध्ये, जोरदार पावसात, धुक्यात किंवा रडार-कॅमेऱ्यावर चिखल बसलेला असताना. (पुसायला दोन मिनिटं लागतात. हळद-कुंकू वाहताना गाडीपूजेचा चिकट हात कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर आणि पुढच्या लोगोवर फिरवू नका, कित्येक गाड्यांत रडार तिथेच मागे असतं.) आणि वारीच्या दिवसांत पालखीच्या आजूबाजूला गाडी न्यावीच लागली तर सगळं स्वतःच्या हातात. वारकऱ्यांच्या गर्दीत मदतनीस नको, माणूस पाहिजे.

उरतं काय? चौपदरी रस्त्यावरची संथ पण एका दिशेने सरळ सरकणारी रांग, शहराच्या बाहेरची लांब गर्दी, पट्टे आखलेला रस्ता. तिथे हे उत्तम चालतं आणि दीडशे किलोमीटरनंतर चालवणाऱ्याच्या पायाला आणि डोक्याला खरोखर आराम देतं. एस.ए.ई. या संस्थेने ० ते ५ अशा पातळ्या ठरवल्या आहेत. आपल्याकडच्या या गाड्या जास्तीत जास्त दुसऱ्या पातळीच्या, आणि दुसऱ्या पातळीचा अर्थ असा की गाडी मदत करते आहे, पण चालवताय तुम्हीच.

आपल्यामुळे मागच्यांचंही भलं

जाता जाता एक चांगली बातमी. अमेरिकेत टक्सन इथे जपानसारखाच गोल रस्त्याचा प्रयोग झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वीसेक गाड्यांच्या रिंगणात एकच गाडी अशी ठेवली की जी पुढच्याच्या मागे न पळता अंतर राखून एकसारख्या वेगाने चालेल. त्या एकीमुळे सगळा हेलकावा शांत झाला आणि सर्व गाड्यांचं मिळून इंधन ४० टक्क्यांपर्यंत वाचलं! नोव्हेंबर २०२२ मध्ये तर नॅशव्हिलच्या हायवेवर रोजच्या ट्रॅफिकमध्ये अशा १०० गाड्या सोडून बघितल्या. मोठं अंतर आणि कमी सेट वेग हे आपण जे करतो, ते याच कल्पनेचं घरगुती रूप आहे. मागचा हॉर्न वाजवत असतो, पण झटके त्याचेही कमी होत असतात, फक्त त्याला माहीत नसतं.

तेव्हा पुढच्या सुट्टीत घरी गेलात की एक काम करा. ग्लोव्ह बॉक्समधलं प्लॅस्टिकच्या पिशवीतलं मॅन्युअल बाहेर काढा. क्रूझ कंट्रोल, इमर्जन्सी ब्रेकिंग आणि 'यंत्रणेच्या मर्यादा' एवढी तीन प्रकरणं घरात जो गाडी चालवतो त्याच्याबरोबर बसून वाचा. मॅन्युअल इंग्रजीत असेल तर मराठीत सांगा, आपलं इंग्रजी शिक्षण त्या दिवशी तरी घरच्यांच्या कामी येईल. मग सकाळी लवकर रिकाम्या रस्त्यावर जाऊन अंतराचं बटण, वजा बटण, रिझ्यूम आणि ब्रेकने सोडवणं ही चार कामं दहा-दहा वेळा करून घ्या, म्हणजे गर्दीत बोटं शोधाशोध करणार नाहीत. काही अडलं तर लेडीज होस्टेलच्या मेसमध्ये रात्री आठनंतर मी सापडते. प्रश्न घेऊन या, मॅन्युअलही आणा.